शरद ऋतूतील दोघांची सहल: कमी खर्चात गजबजलेले ठिकाण कसे निवडावे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी ठिकाण ठरवावे की तारीख?

तारीख. शरदातील सहलीचा खर्च ठिकाणापेक्षा तारखेवर अधिक अवलंबून असतो आणि बहुतेक जोडप्यांचे अंदाजपत्रक नेमके येथेच बिघडते. अश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत घटस्थापना, दसरा, कोजागरी, दिवाळी, तुळशीचे लग्न आणि त्रिपुरारी पौर्णिमा एकामागोमाग येतात, आणि त्यांतील काही मोजक्या दिवशी गाड्या, खोल्या आणि रिक्षा या तिन्हींचे भाव एकदम चढतात. शिवाय हे सण इंग्रजी तारखेला दरवर्षी सरकतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणून ‘ऑक्टोबरचा पहिला आठवडा स्वस्त असतो’ असा गेल्या वर्षीचा ठोकताळा यंदा लागू पडेलच असे नाही. कॅलेंडर पुढ्यात घेऊन प्रथम तिथी पाहाव्यात, मग रजेचा अर्ज करावा.

गजबजलेले ठिकाण महागच असणार, नाही का?

हा समज फार पक्का आहे आणि या ऋतूपुरता तरी तो चुकीचा आहे. उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी करमणूक विकत घ्यावी लागते. शरदात मात्र शहरे स्वतःच रस्त्यावर उतरलेली असतात. मंडप, रोषणाई, मिरवणुका, फुलांचे बाजार आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी खाण्याची दुकाने पाहायला तिकीट लागत नाही. महाग पडतो तो सणाचा ऐन दिवस. तो टाळून त्याच्या अलीकडचे किंवा पलीकडचे चार दिवस निवडले, तर वातावरण जवळजवळ तेच राहते आणि खोलीचा भाव उतरतो. पुढील बहुतेक उत्तरे याच एका विचारावर उभी आहेत.

दोन कालावधी विशेष सोयीचे असतात. पहिला, घटस्थापनेपासून पाचव्या माळेपर्यंतचा. दुसरा, दसऱ्यानंतरचे साधारण दहा दिवस, ज्यांत कोजागरी येते आणि शाळांची दिवाळीची सुट्टी अजून लागलेली नसते. ज्या जोडप्याला मुलांच्या शाळेचे बंधन नाही, त्याने हा दुसरा कालावधी हातचा सोडू नये.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या जोडप्यासाठी पहिली पसंती कोणती?

आमची पहिली शिफारस वडोदरा. हे नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण सहलीच्या यादीत ते सहसा नसते आणि लोक तेथून पुढे अहमदाबादला किंवा एकतानगरच्या पुतळ्याकडे जातात. परंतु नवरात्रात रात्री इतके जिवंत आणि तरीही खिशाला झेपणारे दुसरे शहर मुंबई-पुण्याच्या इतक्या जवळ सापडणे कठीण आहे. मुंबईहून रेल्वेने पाच-सहा तासांत पोहोचता येते. पुण्याहून अहमदाबादकडे जाणाऱ्या गाड्या येथे थांबतात. वर्धा, भुसावळ या बाजूच्या प्रवाशांसाठी नवजीवन एक्सप्रेस सुरतमार्गे येथूनच जाते. विमानाचा विषयच येत नाही, आणि दोघांच्या खर्चात सर्वांत मोठी बचत तेथेच होते.

वडोदऱ्याचा गरबा पाहण्यासारखा असतो, कारण येथे गायक-वादक समोर बसून गातात आणि हजारो माणसे एकाच तालात, एकात एक अशी वर्तुळे करून फिरतात. गुजरातच्या गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मोठ्या मैदानांवर पास लागतो आणि शेवटच्या माळांना तो मिळणे अवघड जाते. मात्र जुन्या शहरातील पोळांमध्ये (जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमध्ये) आणि सोसायट्यांमध्ये होणारा शेरी गरबा मोकळेपणाने पाहता येतो. आमच्या मते त्याची गोडी मोठ्या मैदानापेक्षा अधिक आहे, कारण तेथे आजीपासून नातवापर्यंत सगळे घर खेळत असते.

दिवसाही शहर रिकामे वाटत नाही. १८९० मध्ये बांधून झालेला लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबागेतील संग्रहालय, कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आणि रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या रंगवलेल्या भिंती यांत दोन दिवस सहज जातात. गायकवाडांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. दांडिया बाजारात आजही मराठी कानी पडते. सकाळी सेव-उसळ, येताना बरोबर आणण्यासाठी लीलो चेवडो हा तेथील खास चिवडा, आणि दसऱ्याच्या सकाळी सगळ्या गुजरातेप्रमाणे फाफडा-जिलेबी. एक दिवस चांपानेर-पावागढसाठी राखून ठेवावा. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील या परिसराला २००४ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

ऑक्टोबरमध्ये दुपारचे ऊन कडक असते, म्हणून दुपारी विश्रांती आणि सायंकाळपासून भटकंती असा दिवस आखावा. राज्यात दारूबंदी आहे, हेही निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

नवरात्र हुकले तर वडोदऱ्याला जाण्यात अर्थ उरतो का?

उरतो. आपल्याकडे ज्या रात्री कोजागरीचे दूध आटवले जाते, त्या शरद पौर्णिमेला गुजरातेत पुन्हा गरबा रंगतो आणि दूध-पोहे खाल्ले जातात. दुसऱ्या दिवशी सुरतेत घारी ही मिठाई खाण्याची प्रथा आहे, आणि मुंबईकडे परतताना सुरत वाटेतच लागते. गर्दी ओसरलेली आणि चांदणे भरात आलेले असते, त्यामुळे केवळ दोघांनी जाण्यासाठी आम्ही नवरात्रापेक्षाही या रात्रीला अधिक गुण देऊ.

आम्हाला गरबा खेळता येत नाही. अवघडल्यासारखे होणार नाही का?

शेरी गरब्यात नवख्याला कोणी हसत नाही. दोन टाळ्यांचा साधा गरबा बाजूला उभे राहून दोन फेऱ्या पाहिला की पायांना कळतो. पारंपरिक पोशाख भाड्याने मिळतो. तो विकत घेण्याची गरज नाही.

म्हैसूरचा दसरा पाहायची इच्छा आहे. तो आवाक्यात बसतो का?

बसतो, मात्र दिवस जपून निवडावा लागतो. विजयादशमीची जंबू सवारी हा म्हैसूरचा सर्वोच्च क्षण: सुमारे ७५० किलो वजनाच्या सोनेरी अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होते आणि हत्तींची मिरवणूक राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जाते. मिरवणुकीच्या या मार्गात जो सय्याजीराव रस्ता लागतो, तो वडोदऱ्याच्याच सयाजीराव महाराजांच्या नावाचा आहे. त्या दिवशी राजवाड्याच्या आवारातील आसनांचे पास महाग असतात, खोल्यांचे भाव चढलेले असतात, आणि रस्त्याकडेला उभे राहायचे तर कित्येक तास आधी जागा धरावी लागते. ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी हा दिवस दूरचित्रवाणीवर पाहणेच बरे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

परंतु म्हैसूरचा दसरा त्या एका दिवसाचा नाही. उत्सवाच्या प्रत्येक सायंकाळी जवळपास एक लाख दिव्यांनी राजवाडा उजळतो आणि त्याच्या समोरच्या मंचावर शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. पुष्पप्रदर्शन आणि खाद्यमेळाही असतो. पहिल्या तीन-चार माळांत गेल्यास हे सगळे मिळते आणि हत्तींच्या रंगीत तालमीही शहराच्या रस्त्यांवर दिसू शकतात. दसऱ्यानंतर जायचे असेल तर मुक्कामात रविवार येईल असे पाहावे, कारण एरवीही रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सायंकाळी थोडा वेळ राजवाड्यावर रोषणाई केली जाते. दसरा प्रदर्शन तर पुढे कित्येक आठवडे चालू राहते.

हा राजवाडा १८९७ मध्ये जळालेल्या जुन्या लाकडी वाड्याच्या जागी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने उभारला आणि तो १९१२ मध्ये पूर्ण झाला. तो पाहून झाला की चालत देवराज मार्केटमध्ये जावे. मोगऱ्याचे गजरे, हळदी-कुंकवाच्या रंगीत राशी, विड्याची पाने आणि केळ्यांचे घड यांनी भरलेल्या त्या बोळांत तासभर फिरायला काहीही खर्च येत नाही. चामुंडी टेकडीवर शहर बसने जावे आणि पायऱ्यांनी उतरावे. उतरताना वाटेत एका अखंड शिळेतील प्रचंड नंदी लागतो. श्रीरंगपट्टण आणि वृंदावन उद्यान एकाच दिवसात उरकता येतात.

पावसाचा विचार मात्र करावा. महाराष्ट्रातून पाऊस परततो त्याच सुमारास दक्षिण कर्नाटकात परतीच्या आणि पुढे ईशान्य मोसमी पावसाच्या सरी सुरू होतात, त्यामुळे ऑक्टोबर हा म्हैसूरच्या बऱ्यापैकी पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. सरी बहुधा दुपारनंतर येतात. राजवाडा सकाळी पाहावा आणि छत्री बरोबर ठेवावी.

दक्षिण महाराष्ट्रातील प्रवाशांना मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत बंगळुरू आणि तेथून अडीच-तीन तासांत म्हैसूर, हा मार्ग सोपा पडतो. मुंबईहून पुणे-मिरजमार्गे थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. कर्नाटकात सरकारी बसने महिलांना असलेला मोफत प्रवास केवळ त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठी आहे, हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

विदर्भातून कोलकाता जवळ पडते का?

नागपूरकरांसाठी म्हैसूरपेक्षा कोलकाता निश्चितच सोयीचे आहे. मुंबईहून येणारी गीतांजली आणि पुण्याहून येणारी आझाद हिंद या दोन्ही गाड्या नागपूरमार्गे हावड्याला जातात. कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, आणि गजबज हाच निकष असेल तर तिच्या तोडीचे दुसरे काही भारतात नाही. मंडपांत प्रवेश फुकट असतो, पूजेच्या मुख्य रात्री मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावते, आणि फुचका (तेथील पाणीपुरी), काठी रोल, तेलेभाजा (भजी) यांवर दोघांचे पोट मजेत भरते.

येथेही तोच नियम लागू पडतो. सप्तमी ते नवमी या तीन रात्री नामांकित मंडपांपुढे पाय ठेवायला जागा नसते. परंतु अनेक मोठे मंडप षष्ठीच्या काही दिवस आधीच खुले होतात. द्वितीया ते पंचमी या दिवसांत गेलेल्या जोडप्याला तेच देखावे निवांत पाहता येतात आणि कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत मूर्तींवरून फिरणारा शेवटचा हात पाहण्याचीही संधी मिळते. त्या दिवसांत हवा दमट असते आणि पावसाची एखादी जोरदार सर येऊ शकते.

आम्हाला दिवाळीनंतरच रजा मिळते. तोवर सगळे संपलेले असते का?

अजिबात नाही. दिवाळीनंतर साधारण नऊ-दहा दिवसांनी, कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास, हावड्याहून लोकल गाडीने पोहोचता येणाऱ्या चंदननगर या गावी जगद्धात्री पूजा होते. तेथील विजेच्या रोषणाईचे कारागीर बंगालभर प्रसिद्ध आहेत. मुक्काम कोलकात्यात ठेवून सायंकाळी तेथे जाऊन येणे स्वस्तही पडते आणि सोयीचेही. त्रिपुरारी पौर्णिमेला वाराणसीची देवदिवाळी आणि पुष्करचा मेळा असतो. दोन्ही भव्य आहेत, परंतु त्या रात्री वाराणसीतील होड्यांचे आणि घाटाजवळच्या खोल्यांचे दर इतके वाढतात की ‘परवडणारी सहल’ या शीर्षकाखाली आम्ही त्यांची शिफारस करत नाही.

महाराष्ट्रातच राहायचे असल्यास कोल्हापूर. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांच्या सुमारास अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. त्याला रंकाळ्याची संध्याकाळ, पन्हाळ्याची सकाळ आणि तांबडा-पांढऱ्याचे जेवण यांची जोड दिली की तीन दिवस भरगच्च होतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे भाडे पडते, त्यामुळे दोघांच्या प्रवासाचा खर्च दीड तिकिटात भागतो. मात्र २०२६ मध्ये हे दिवस नेमके पाडव्या-भाऊबीजेच्या आसपास येत असल्याने खोली फार आधी ठरवावी लागेल.

गोव्याचे काय? शरदात जावे का?

समुद्रकिनाऱ्यासाठी म्हणून जायचे असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला घाई करू नये; पावसाळ्यात काढलेले किनाऱ्यावरचे शॅक (खाण्यापिण्याच्या झोपड्या) तेव्हा पुन्हा उभे राहत असतात आणि समुद्रही पुरता शांत झालेला नसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवड्याचे मधले दिवस खरे स्वस्त आणि सुखाचे असतात. दिवाळीच्या सुट्टीत मात्र निम्मा महाराष्ट्र तिकडे उतरतो.

त्या गर्दीतही एक रात्र पैसे खर्चून पाहावी अशी आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, मडगाव आणि गावोगावची तरुण मंडळी नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा घेऊन रस्त्यावर येतात, स्पर्धा होतात आणि पहाटेपूर्वी त्या जाळल्या जातात. सकाळी घरोघरी पोह्यांचे नाना प्रकार. किनाऱ्याच्या पर्यटनात न दिसणारा गोवा येथे दिसतो. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर सजवलेल्या होड्यांचा उत्सव होतो. तोही पाहण्यास फुकट आहे. मुक्काम पणजीत ठेवल्यास कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने बहुतेक ठिकाणे गाठता येतात. दुचाकी भाड्याने घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा असते आणि तपासणीत पकडले गेल्यास त्रास प्रवाशालाच होतो.

दोघांच्या खर्चाची विभागणी कशी करावी?

समजा चार रात्रींसाठी दोघांकडे मिळून पंचवीस हजार रुपये आहेत. आम्ही त्यांतील सर्वांत मोठा वाटा, साधारण दहा हजार, खोलीसाठी ठेवू आणि ती खोली उत्सवाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घेऊ. गावाबाहेरची खोली दिवसाला पाचशे रुपयांनी स्वस्त दिसते. परंतु रात्री अकरानंतर परतताना रिक्षावाला मागेल तो आकडा द्यावा लागतो, आणि मग त्या भीतीने माणूस नऊलाच परततो. ज्या गजबजीसाठी आलो तीच हुकते. सुमारे पाच हजार रेल्वेच्या तिकिटांसाठी, सहा हजार खाण्यासाठी, दोन हजार प्रवेशशुल्क व स्थानिक प्रवासासाठी आणि उरलेले दोन हजार कोणत्याही नावाने न लिहिता बाजूला ठेवावेत. खरेदी या हिशेबात नाही. तिचा आकडा दोघांनी निघण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून ठरवावा.

सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोल्यांवरील जीएसटी ५ टक्के झाला आहे. हॉटेलचा दर करासह आहे की कराविना, आणि त्यात नाश्ता धरला आहे का, हे विचारून घ्यावे.

रेल्वेचे आरक्षण नेमके केव्हा करावे?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पंचांगाच्या हिशेबाने दसऱ्याच्या दिवशीचे तिकीट साधारणपणे नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी उघडते. म्हणजे सहल श्रावणातच ठरलेली असावी लागते. परतीचे तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबर मिळत नाही, ते त्याच्या स्वतःच्या तारखेनुसार काही दिवसांनी उघडते, आणि तो दिवस विसरल्यामुळे जाणे कन्फर्म व येणे वेटिंगवर अशी अवस्था होते. मोबाइलमध्ये दोन्ही दिवसांचे गजर लावून ठेवावेत.

आरएसी (एक बर्थ दोघांत वाटून मिळणारे तिकीट) मिळाल्यास प्रवास निश्चित होतो, पण दोघांना एकाच बाजूच्या बर्थवर बसून रात्र काढावी लागू शकते. एका रात्रीपुरते ते निभावते. तत्काळचे आरक्षण आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी दहाला आणि इतरांचे अकराला, आणि संकेतस्थळावरून ते काढण्यासाठी खाते आधारशी जोडलेले लागते. सणाच्या दिवसांत तत्काळवर विसंबून खोलीचे पैसे आगाऊ भरू नयेत.

लग्न झालेले नसल्यास खोली मिळण्यात अडचण येते का?

दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही. तरीही काही हॉटेले आपल्या नियमानुसार अशा जोडप्यांना, किंवा त्याच शहराचा पत्ता असलेल्या पाहुण्यांना, नकार देतात. म्हणून आरक्षण करण्यापूर्वी फोन करून सरळ विचारावे आणि शक्य असल्यास उत्तर लेखी संदेशात घ्यावे. दोघांचीही ओळखपत्रे लागतात. आधारची प्रत द्यायची असल्यास केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे आधार डाउनलोड करून द्यावे.

एकाला गर्दी आवडते आणि दुसऱ्याला शांतता. अशा वेळी काय करावे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सहल फसते ती बहुधा येथे. तडजोड म्हणून मधलेच एखादे ठिकाण निवडले तर दोघांपैकी कोणाचेच समाधान होत नाही. त्यापेक्षा गजबजलेल्या शहराशेजारी शांत जागा असलेले ठिकाण घ्यावे. वडोदऱ्याजवळ चांपानेरच्या ओस मशिदी आणि तळी आहेत, म्हैसूरजवळ कावेरीकाठचे श्रीरंगपट्टण आहे, कोल्हापूरजवळ पन्हाळा आहे. दिवसाचा पूर्वार्ध एकाच्या आवडीचा आणि रात्र दुसऱ्याच्या आवडीची अशी वाटणी आधीच करावी. शिवाय एका सायंकाळी वेगवेगळे फिरण्यासही हरकत नसावी. एकाने गरबा पाहावा, दुसऱ्याने खोलीवर वाचत पडावे, आणि त्याबद्दल कोणी रुसू नये.

सहल कंपनीचे पॅकेज घ्यावे का?

वरील ठिकाणांसाठी गरज नाही. पॅकेजचा कार्यक्रम स्थळदर्शनाभोवती आखलेला असतो आणि रात्रीच्या जेवणाची वेळ ठरलेली असते. शरदातील शहरे नेमकी त्या वेळी रंगात येतात. ज्येष्ठ जोडप्यांना सामान, गाडी आणि भाषा यांची काळजी नको असेल, तर मात्र पॅकेज अवश्य घ्यावे, पण त्यात किमान दोन सायंकाळी मोकळ्या आहेत याची खात्री करून.

उत्सवाच्या गर्दीत कोणती काळजी घ्यावी?

गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडते, म्हणून चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ती जागा बाहेर पडतानाच ठरवावी; ती मंडपाचे किंवा मैदानाचे दार नसावी, थोडी दूरची एखादी ठळक खूण असावी. हॉटेलचे नाव आणि पत्ता दोघांनीही कागदावर लिहून खिशात ठेवावा. रोख रक्कम दोघांत वाटून घ्यावी, मौल्यवान दागिने घरीच ठेवावेत आणि पायांत जुनी, सवयीची चप्पल किंवा बूट असावेत. मिरवणूक संपल्यावर सगळ्यांबरोबर लगेच निघण्यापेक्षा अर्धा तास चहाच्या टपरीवर थांबले, तर रस्ता मोकळा होतो आणि रिक्षाही वाजवी भाड्यात मिळते.